एकोणिसावं साध्य

आमच्या सरांना देव सापडला तो शाळेच्या भूमितीच्या कपाटात. थट्टा नाही, खरंच तसं झालं. निवृत्तीला दोन वर्षं राहिली असताना शाळेनं जुनी पुस्तकं काढून टाकायला घेतली होती. त्या कपाटात तळाशी एक इंग्रजी पुस्तक निघालं. सरांनी चाळलं, तर आत व्याख्या, गृहीतकं, साध्यं, सिद्धता, सगळं जागच्या जागी. परदेशातली भूमिती दिसतेय म्हणून ते घरी घेऊन गेले आणि महिनाभर त्यात आकृत्या शोधत बसले. एक आकृती सापडेल तर शपथ. कुणा ग्रंथपालानं नुसती मांडणी बघून ते तिथे लावून दिलेलं, आणि आत सगळी सिद्धता चाललेली देवाची.

दुसरा कुणी असता तर पुस्तक रद्दीत देऊन मोकळा झाला असता. सरांनी इंग्रजीचा शब्दकोश आणला. त्यांचं इंग्रजी माझ्यासारखंच, दुकानाच्या पाटीपुरतं. पण एकदा उदाहरण हातात घेतलं की उत्तर येईपर्यंत सोडायचं नाही हा त्यांचा जन्माचा हट्ट. रोज एक साध्य, मग ते चार ओळींचं असो नाहीतर चार पानांचं. समजलं नाही तर दुसऱ्या दिवशी तेच. असं करत त्यांनी ते अख्खं पुस्तक मराठीत उतरवायला घेतलं, दहावीच्या मुलाला कळेल असं. आणि ते टाइप करायला आले माझ्याकडे.

माझं दुकान पनवेलला तहसील कचेरीच्या मागच्या गल्लीत. टायपिंग, झेरॉक्स, प्रतिज्ञापत्रं, लग्नाच्या पत्रिका. सरांनी मला नववी-दहावीला भूमिती शिकवली होती आणि बोर्डात मला त्यात बरोब्बर पस्तीस मार्क पडले होते. तेव्हापासून ते मला पस्तीस म्हणत. माझं लग्न झालं, मूल झालं, दुकान झालं, तरी मी पस्तीस ती पस्तीसच. दुकानात गिऱ्हाईकं ताटकळत असली तरी दारातून आवाज यायचा, "पस्तीस, कालचं पान काढ." लोक माझ्याकडे वळून बघायचे. मला अस्सा राग यायचा, पण सरांना कोण बोलणार?

सर आगरी. खाडीच्या काठच्या एका गावचे, वडील मिठागरात कामाला. लग्न केलं नाही. पनवेलात दोन खोल्यांत एकटे राहायचे आणि दर रविवारी गावी आईकडे जायचे. शर्टाच्या खिशात खडूचा तुकडा कायम, निवृत्त झाल्यावरसुद्धा. आठवला मुद्दा की लिही, मग समोर माझं काउंटर असो, शटर असो, नाहीतर कुणाच्या मोटारसायकलची सीट. जगातली कुठलीही गोष्ट ते पक्ष, साध्य आणि सिद्धता अशी लावून बघत. म्हणजे हातात काय आहे, दाखवायचं काय आहे आणि ते कशावरून. मासळीबाजारातही तेच. कोळणीला म्हणायचे, पक्ष असा की बोंबील ताजा आहे, आता सिद्धता दे. ती एकदा वैतागून म्हणाली, "मास्तर, सिद्धता तव्यावर टाकून बगा, मना काय इचारता?" सरांना ते इतकं आवडलं की त्यांनी ते मला तीन वेळा सांगितलं.

ज्याचं ते पुस्तक, त्याला सर 'आपला भिंगवाला' म्हणायचे. साडेतीनशे वर्षांपूर्वीचा हॉलंडचा माणूस. काचेची भिंगं घासून पोट भरायचा आणि उरलेल्या वेळात विचार करायचा. त्याचं म्हणणं असं की देव म्हणून कुणी वर बसलेला नाही, जो जग बनवतो, रागावतो, पावतो. जे आहे ते सगळं मिळून एकच आहे. त्याला देव म्हणा नाहीतर निसर्ग म्हणा. आणि त्यातली प्रत्येक गोष्ट कारणानं घडते, त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज दोन काटकोन यावी तशी, चुकता चुकायची नाही. हे म्हटल्याबद्दल त्याच्या लोकांनी त्याला ऐन तरुणपणी वाळीत टाकलं. वाळीत टाकणं काय असतं हे आमच्या रायगडात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

हे सगळं सुरुवातीला माझ्या डोक्यावरून जायचं. मी विचारलं, सर, देवानं जग बनवलं नाही तर मग कुठून आलं? सर म्हणाले, "मिठागर बघितलंयस ना? मीठ काय बाहेरून आणून टाकतात? खाडीचं पाणी कुंडीत राहतं, तापतं, त्याचंच मीठ होतं. तू एक खडा, मी एक खडा, आणि पाणी तेच." मी म्हटलं, हे तर कीर्तनात ऐकलंय, आपल्याकडे हे आधीच सांगून ठेवलंय. झालं. पुढचा अर्धा तास मी ऐकून घेतलं. सांगितलं असेल, सर म्हणाले, नाही कोण म्हणतो, पण मला वर्गात कुणी नुसतं उत्तर सांगितलं तर मी मार्क देत नाही, रीत दाखवावी लागते. भिंगवाल्यानं रीत दाखवलीय.

एकदा मी घाईत 'देव आणि निसर्ग' असं टाइप केलं. बाहेर प्रतिज्ञापत्रांची ही रांग. सर दुसऱ्या दिवशी प्रिंट घेऊन आले, लाल पेनानं त्या 'आणि'भोवती गोल केलेला. "आणि म्हटलंस की दोन झाले," ते म्हणाले, "एवढं साडेतीनशे वर्षं भांडण झालं ते या 'आणि'साठी, आणि तू ते एका बोटानं घालून मोकळी झालीस." माणसं चुकतात तीही कारणानं, म्हणून कुणावर रागावू नये, हे साध्य त्यांनीच मला आठवड्यापूर्वी टाइप करायला दिलं होतं. मी तेवढी आठवण करून दिली. सर म्हणाले, मी रागावलेलो नाही, मी मार्क कापतोय.

असे चार भाग टाइप होऊन पाचवा सुरू झाला आणि गाडी अडली. पाचव्या भागातलं एकोणिसावं साध्य. जो देवावर प्रेम करतो, तो देवानं आपल्यावर उलट प्रेम करावं अशी धडपड करूच शकत नाही. सरांनी पक्ष लिहिला, साध्य लिहिलं आणि खाली 'सिद्धता' लिहून पान कोरं ठेवलं. पुस्तकात सिद्धता होती, चारच ओळींची. सर म्हणाले, ओळी कळल्यात पण पटत नाही. मी म्हटलं, सर, सोडा की एक, पुढचं करू. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी प्रिंटरमध्ये कागद भरायला लागले. पुढची साध्यं ते देत राहिले, पण फाइलमध्ये ते पान तसंच, महिनेच्या महिने. मधूनमधून ते पान उघडायला लावायचे, बघायचे, "असू दे" म्हणायचे.

त्याच सुमाराला विमानतळासाठी त्यांच्या गावानं उठायचं ठरलं. नवीन जागेवर प्लॉट मिळाले, माणसं घरं बांधून निघून गेली, टेकडीला सुरुंग लागायला लागले. मागे राहिलं सरांचं जुनं घर, त्यात सरांची आई, आणि टेकडीच्या पायथ्याशी उंबराखाली गावदेवी, म्हणजे शेंदूर लावलेला एक दगड. देवीला हलवायचं तर आधी कौल घ्यायला हवा. देवीच्या उजव्या आणि डाव्या अंगाला ओल्या बोटानं एकेक पाकळी चिकटवायची आणि प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. हा कौल लावायचा मान गावात एकाच घराचा, सरांच्या. वडील होते तोवर ते लावायचे. आता सरांनी लावायचा.

आणि आई ऐंशीच्या पुढची, उंबऱ्यात बसून होती. म्हणाली, देवीला विचारल्याशिवाय मी उठायची नाय.

सरांची पंचाईत माझ्या लक्षात यायला वेळ लागला. ज्या माणसानं सात वर्षं घालवून स्वतःला पटवलं की देवाला इच्छा नसते, तो होय म्हणत नाही की नाही म्हणत नाही, त्यानं देवीपुढे उभं राहून होय की नाही विचारायचं. ते म्हणाले, पाकळी पाण्यानं चिकटते, पाणी सुकलं की वजनानं पडते, याच्यात देवीचा काय संबंध? मला ठाऊक असून मी आईला सांगू की देवीनं सांगितलं? गावचे दोन जाणते त्यांच्या खोलीवर येऊन बसले. त्यांनी सरळ सुचवलं, सर, उजवीला पाणी जरा कमी लावा, तुमचे वडील काय वेगळं करत होते? सरांनी हात जोडले. जाताना त्यातला एक म्हणाला की देवीला न्यायला गाव तुमच्यासाठी थांबलंय, उद्या तुमच्या दारी गाव येणार नाही. सर मला हे सांगताना म्हणाले, भिंगवाल्यालाही सांगितलं होतं, तू नुसता वरवर हो म्हण, बाकी तुझं तू कर. तो म्हणाला नाही. मग मी कसा म्हणू?

मी म्हटलं, सर, तो भिंगवाला होता, त्याची आई त्या घरात बसलेली नव्हती.

त्यांनी त्यांच्या पद्धतीनं प्रयत्न केला. रविवारी गावी जाऊन आईपुढे रीतसर सिद्धता मांडली. देवी सगळीकडे आहे. जे सगळीकडे आहे ते सोडून जाता येत नाही. म्हणून आपण इथून निघालो तरी देवीला सोडत नाही. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, सगलीकडं हाय म्हंजे इथंबी हाय ना? सर म्हणाले, आहे. आई म्हणाली, मग मी हितंच बरी. सोमवारी सर दुकानात आले ते स्टुलावर बसूनच राहिले. "पस्तीस," म्हणाले, "माझी सिद्धता उलटी चालली." मी हसले. मग त्यांचं तोंड बघून मला हसल्याची लाज वाटली.

घर रिकामं करायला शेवटचे आठ दिवस राहिले. नोटिशीची झेरॉक्स मीच काढून दिली होती. आणि इथे मी एक आगाऊपणा केला. मला वाटलं, सर पडले तत्त्वाचे, आपण कुठे तत्त्वाचे? आपल्याला पस्तीस पुरतात. एका सकाळी त्यांना न सांगता स्कूटी काढली आणि गावी गेले. अर्धी घरं पाडलेली, रस्त्यावर विटांचा चुरा. आजी उंबऱ्यात तांदूळ निवडत होत्या. मी पाया पडले, सरांची विद्यार्थिनी म्हणून ओळख दिली आणि सांगून टाकलं की सरांनी काल संध्याकाळी येऊन कौल लावला, उजवी पाकळी पडली, देवीनं हो म्हटलंय.

आजींनी सूप खाली ठेवलं. "फूल कुठलं घेतलान?"

मी म्हटलं, बाजारातलं असेल.

"बाजारातलं फूल तिला चालत नाय. या अनंताचंच लागतं." त्यांनी दारातल्या झाडाकडे बोट दाखवलं. "काल सात होती, आताबी सात हायत. मोज." मी खरंच मोजली. सात होती. कान असे तापले की विचारू नका. आजी रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "तू त्याची इद्यार्थीन ना? मंग तुला समजाला पायजे व्हतं. त्यो खोटा कौल लावनार नाय. माजा पोर हाय त्यो."

पनवेलला येऊन मी सरांना सगळं सांगितलं. पोटात ठेवणं जमेना. सरांनी विचारलं, पक्ष काय होता? मी म्हटलं, आजी बसल्यात आणि घर पडणार आहे. साध्य? आजींनी उठावं. सिद्धता? "खोटी," ते म्हणाले, "शून्य." पण मग त्यांनी आई काय काय म्हणाली ते मला दोनदा सांगायला लावलं, शब्दानं शब्द. दुसऱ्यांदा सांगून झाल्यावर उठले आणि म्हणाले, चल, स्कूटी काढ.

उंबऱ्याशी गेल्यावर उभ्या उभ्याच त्यांनी आईला सांगितलं. सर रागात किंवा दुःखात असले की त्यांची शहरी मराठी सुटायची, तशी सुटली. "आय, मी कौल लावीन. पन त्या पाकलीत काय नाय. ती पान्यानं चिकटते नि वजनानं पडते. ती पडली म्हनून देवी बोलली असा मी तुला सांगनार नाय."

आजी म्हणाल्या, "मना काय म्हाईत नाय? तुजा बाप उजवी सुकीच लावाचा. चालीस वरसं बगलंय मी."

सर खाली बसले. मीही बसले. एवढा वेळ ज्याच्यावर सगळं अडलं होतं ते आजींना नवी नवरी होऊन आल्यापासून ठाऊक होतं. सरांनी विचारलं, मग एवढे दिवस बसलीस कशाला? आजी उठल्या, अनंताचं एक फूल तोडलं, घरातून तेलाची बाटली घेतली आणि चालायला लागल्या. आम्ही दोघं मागून.

उंबर अजून होता. पलीकडे टेकडीचा अर्धा भाग कापलेला, लाल माती उघडी पडलेली. आजींनी दगड पदरानं पुसला, फूल पुढ्यात ठेवलं, अख्खं, पाकळी न तोडता. दिव्यात तेल घातलं. सरांना म्हणाल्या, "इचार."

सरांनी हात जोडले. निवृत्त शिक्षक, केस पांढरे, खिशात खडू. मोठ्यानं म्हणाले, "आमी जाव का?"

आणि आम्ही थांबलो. काही झालं नाही. खरंच काही नाही. पान हललं नाही, फूल हललं नाही, लांबवर डंपर चालला होता तो चालत राहिला. आजी हात जोडून उभ्या, भात शिजावा एवढा वेळ. मग त्यांनी दगडाला एकदा हात लावला, गालाला लावला आणि म्हणाल्या, "झालं. चला."

सर जागचे हलेनात. "आय, तिनं काय सांगितलं?"

"ती कदी सांगते? लगीन होऊन आले तवापासून बोलते मी तिच्याशी, एक दिस नाय बोलली. आपन इचारून जावाचं. न इचारता जानं बरा नाय दिसत." दोन पावलं पुढे जाऊन म्हणाल्या, "माजं हाय ना तिच्यावर. तिचं माज्यावर हाय का नाय, मी कवा इचारलं?"

घरी जाऊन आजींनी तांदळाचा डबा, दोन लुगडी आणि सूप एवढं गोणीत भरलं. दुसऱ्या दिवशी गावातली माणसं देवीला न्यायला आली तेव्हा कुठली पाकळी पडली ते विचारणार होती. आजी म्हणाल्या, इचारलंय, न्या. पुढे कुणी काही विचारलं नाही.

सोमवारी अकरा वाजता सर दुकानात. स्टुलावर बसले आणि म्हणाले, पस्तीस, पाचवा भाग काढ, एकोणीस. मी कोरं पान उघडलं. त्यांनी खिशातला खडू काढून काउंटरवर ठेवला आणि सांगायला लागले, मी टाइप करत गेले. समजा, क ही एक व्यक्ती आहे. क नं देवीला विचारलं. देवी काही बोलली नाही. क ला ते आधीपासून ठाऊक होतं. तरी क नं दिव्यात तेल घातलं, देवीला हात लावला, आणि मग ती निघाली. तिचं प्रेम होतं तेवढंच राहिलं. म्हणून, वगैरे. हेच सिद्ध करायचं होतं.

मी विचारलं, सर, ही सिद्धता चालते?

"चूक दाखव," ते म्हणाले.

मी तीनदा वाचली. मला डोळे पुसायला लागले म्हणून दोनदा वाचल्यासारखंच झालं. चूक सापडली नाही. पण मला राहवलं नाही. आयुष्यात ज्या माणसानं माझी एक वेलांटी सोडली नाही, त्याला न विचारता मी जिथे जिथे 'क' होता तिथे तिथे 'सरांची आई' केलं आणि प्रिंट काढली.

सरांनी चष्मा लावला, लाल पेन काढलं. पहिल्या ओळीवर पेन थांबलं. मी मनाची तयारी केली, आता शून्य. बाहेर कुणी प्रतिज्ञापत्रासाठी हाक मारत होतं, मी ओ दिली नाही. सरांनी 'सरांची' हा शब्द खोडला आणि त्याच्यावर बारीक अक्षरात लिहिलं, 'माझी'. मग खालच्या ओळीत. मग त्याच्या खालच्या. शेवटपर्यंत सगळीकडे तेच केलं आणि कागद माझ्याकडे सरकवला.

मी दुरुस्त्या केल्या आणि दुसरी प्रिंट काढली.